शायोकाझाची डॉ. आंबेडकर शाळा

हंगेरी हा देश युरोपच्या मधोमध आहे. त्याला समुद्र नाही. लोकसंख्या एक कोटीच्या आत, म्हणजे आपल्या एकट्या मुंबईपेक्षाही कमी. या देशाच्या ईशान्य कोपऱ्यात, स्लोव्हाकियाच्या सरहद्दीजवळ शायो नावाची नदी वाहते. तिच्या खोऱ्यात शायोकाझा नावाचे सुमारे तीन हजार वस्तीचे एक खेडे आहे. राजधानी बुडापेस्टहून रेल्वेने मिश्कोल्त्स शहर गाठायचे, ते अंतर साधारण १८० किलोमीटर. तिथून नदीच्या कडेने वर आणखी तीसेक किलोमीटर गेले की हे गाव येते. या खेड्यात २००७ साली एक शाळा निघाली. शाळेचे नाव डॉ. आंबेडकर शाळा.

माझे तिथे जाणे झालेले नाही. कारकुनाच्या पगारात मुलांच्या फीचे आणि घराच्या हप्त्याचे भागले तरी पुष्कळ झाले. पण गेली काही वर्षे या गावाविषयी जे जे वाचायला मिळाले ते मी जमवत आले आहे. तेव्हा वाचकहो, मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा समोर घ्या आणि माझ्याबरोबर चला.

आधी नावाची गंमत सांगते. हंगेरियन लिपी इंग्रजीसारखीच रोमन आहे, पण उच्चार वेगळे. त्यांच्याकडे आपला 'ज' लिहायला डी, झेड, एस अशी तीन अक्षरे एकापुढे एक लिहावी लागतात. त्यामुळे 'जय' हा एवढासा शब्द तिथे चांगला लांबलचक होतो. आंबेडकर लिहिताना ते 'आ'वर आणि 'ए'वर रेघ देतात, कारण रेघ दिली नाही तर त्यांच्या भाषेत उच्चार बदलतो. आपल्या कार्यालयांत पन्नास वर्षांची नोकरी झालेले लोक इंग्रजी कागदावर बाबासाहेबांचे नाव वाटेल तसे लिहितात. शायोकाझाची मुले मात्र ते रेघांसकट नीट लिहायला शिकतात. आणखी एक गोष्ट म्हणजे तिथे आडनाव आधी आणि नाव नंतर. आपल्या मस्टरवर असते तसेच.

या शाळेत येणारी मुले आहेत तरी कोण? ती रोमा समाजाची मुले आहेत. त्यांना जग जिप्सी म्हणते आणि हंगेरियन लोक 'त्सिगान्य' म्हणतात. हा शब्द, तसेच फ्रेंच आणि जर्मन भाषांतले त्याचे भाऊबंद, एका जुन्या ग्रीक शब्दावरून आले असे बहुतेक भाषापंडित मानतात. त्या ग्रीक शब्दाचा अर्थ 'ज्याला शिवू नये असा' असा आहे. हे मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. हजारो मैलांवर, वेगळ्या धर्माच्या, वेगळ्या कातडीच्या लोकांत अस्पृश्य हाच शब्द एका जमातीच्या कपाळावर लिहिलेला!

रोमा लोकांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले, हे त्यांच्या भाषेवरून दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीच सिद्ध झाले आहे. त्यांची भाषा ऐका. पाण्याला ते 'पानी' म्हणतात, केसाला 'बाल', दाताला 'दांद', नाकाला 'नाख', काळ्याला 'कालो', माणसाला 'मनुश'. आकडे म्हणाल तर येक, दुय, त्रिन, श्तार, पांज. दहाला 'देश' आणि विसाला 'बिश'. आमच्या अभ्यासिकेत मी हे आकडे फळ्यावर लिहिले आणि ही कुठली भाषा म्हणून विचारले. एकाने गुजराती सांगितले, एकीने कोकणी. युरोप कोणाच्याच तोंडी आले नाही. ८ एप्रिल १९७१ रोजी लंडनजवळ जगभरच्या रोमा प्रतिनिधींची पहिली परिषद भरली आणि त्यांचा ध्वज ठरला. वर निळा रंग, खाली हिरवा, आणि मध्ये सोळा आऱ्यांचे लाल चक्र. आपल्या अशोकचक्राशी असलेले त्याचे नाते पाहताक्षणीच समजते.

आता काही मंडळी एवढ्यावरून सांगू लागतात की रोमा हे मूळचे आपलेच, आपल्याच जातीतले. असे म्हणण्याला पुरावा नाही आणि मला त्याची गरजही वाटत नाही. भारतातून गेलेले ते लोक कोणत्या जातीचे होते हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. शायोकाझाच्या माणसांनी बाबासाहेबांना जवळ केले त्याचे कारण रक्ताचे नाते नाही. त्यांची आणि आपली हकीकत जुळली, हे आहे.

ती हकीकत थोडक्यात अशी. अठराव्या शतकात तिथल्या महाराणी मारिया थेरेसाने रोमांना 'नवे हंगेरियन' बनवण्याचा हुकूम काढला. भाषा बोलायची नाही, आपसांत लग्ने करायची नाहीत, आणि मुले आईबापांपासून काढून शेतकऱ्यांच्या घरी वाढवायला द्यायची. सुधारणेच्या नावाखाली आईच्या कुशीतून लेकरू ओढून न्यायचे. आज हंगेरीतल्या बहुसंख्य रोमांना रोमा भाषा येत नाही, त्यामागे असा इतिहास आहे. पुढे दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या छळछावण्यांत ज्यूंबरोबर रोमाही लाखांनी मारले गेले. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री आउश्वित्झमधली रोमांची अख्खी छावणी विषारी वायूने संपवण्यात आली. त्यानंतर साम्यवादी राजवट आली. शायो नदीच्या खोऱ्यात कोळशाच्या खाणी होत्या, ओझ्द गावात पोलादाचा मोठा कारखाना होता, काझिंत्सबार्त्सिकाला रसायनांचा. रोमा पुरुषांना तिथे हमालीचे, खोदाईचे, भट्टीपुढचे काम मिळाले. काम खालचे, पण पगार दर महिन्याला.

१९८९-९० ला ती राजवट गेली, खाणी आणि पोलादाच्या भट्ट्या बंद पडत गेल्या, आणि सर्वांत आधी घरी गेला तो रोमा मजूर. १९८२ च्या संपानंतर लालबाग-परळच्या चाळींत काय झाले हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना जास्त सांगायला नको. बापाच्या हातातला डबा खाली ठेवला गेला की मुलाच्या हातातले दप्तरही फार दिवस टिकत नाही. पुढे सरकारने गावोगाव सार्वजनिक कामे काढली, आपल्या रोजगार हमीसारखी. मजुरी किमान वेतनापेक्षा कमी, आणि काम कोणाला द्यायचे ते बरेचसे गावच्या महापौराच्या हाती.

पाण्याचे ऐका. ऑगस्ट २०१३ मध्ये कडक उन्हाळ्यात ओझ्द गावच्या पालिकेने रोमा वस्तीतले काही सार्वजनिक नळ बंद केले, काहींचे पाणी कमी केले. पाणी वाया जाते, बिल वाढते, असे कारण दिले. घरात नळ नसलेल्या बायका मग उन्हात बादल्या घेऊन लांबच्या नळावर रांगा लावू लागल्या. देशभर ओरड झाली तेव्हा कुठे नळ पुन्हा सुरू झाले. हे ओझ्द शायोकाझाच्याच जिल्ह्यात आहे. महाडचे चवदार तळे आपल्या शाळकरी मुलांना १९२७ सालचा धडा वाटत असेल, तर त्यांना ही गोष्ट जरूर सांगा.

आणि शाळांचे काय? तिथेही कायद्याने सर्वांना शाळा खुली आहे. पण हंगेरीत वर्षानुवर्षे रोमा मुलांना 'मंदबुद्धी' ठरवून वेगळ्या शाळांत घालण्याची रीत पडली. घरात पुस्तक नाही, बोलण्याची ढब वेगळी, चाचणी शहरी मुलांच्या मापाने बेतलेली. मग सहा वर्षांचे पोर नापास आणि एकदा शिक्का बसला की जन्मभर पुसायचा नाही. अशाच दोन रोमा तरुणांनी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली आणि २९ जानेवारी २०१३ रोजी निकाल त्यांच्या बाजूने लागला. शेजारच्या हेवेश जिल्ह्यातल्या ग्योंग्योशपाता गावी तर एकाच इमारतीत रोमा मुलांचे वर्ग वेगळे ठेवले होते. तिथल्या साठेक मुलांना भरपाई द्यावी असा निकाल देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये कायम केला. तेव्हाच्या पंतप्रधानांना ही भरपाई काही रुचली नव्हती आणि त्यांनी ते उघड बोलून दाखवले होते.

म्हणजे मुलगा आठवीपर्यंत कसाबसा पोहोचतो, पुढे गळतो. त्यात भर म्हणून नव्या शिक्षण कायद्याने सक्तीच्या शिक्षणाचे वय १८ वरून १६ वर आणले. सोळा वर्षे पुरी झाली की शाळेने त्याला धरून ठेवायचे कारण उरले नाही, आणि बहुतेक शाळांना त्याचे दुःखही झाले नसावे.

शायोकाझाची शाळा या गळलेल्या मुलांसाठी आहे.

ती काढली दोघांनी. एक देर्दाक तिबोर, समाजशास्त्राचे अभ्यासक आणि शिक्षक. दुसरे ओर्शोश यानोश, स्वतः रोमा. दोघांनी याआधी देशाच्या दक्षिण भागात रोमा मुलांच्या शिक्षणाचे काम केले होते. तिकडे पेच शहरात १९९४ साली रोमांसाठी एक माध्यमिक शाळा निघालेली आहे आणि तिचे नाव आहे गांधी शाळा. वाचून हसू येईल, पण खरे आहे. भारतातून आलेल्या लोकांची शाळा म्हणून भारतातले सर्वांत प्रसिद्ध नाव त्यांनी घेतले. त्या शाळेने अनेक रोमा मुलांना विद्यापीठापर्यंत पोहोचवले, तेव्हा तिला नाव ठेवण्याचा माझा हेतू नाही. पुढे या दोघांच्या हाती बाबासाहेबांचे चरित्र आणि विचार लागले. ज्याला पाणी दुरून वाढले गेले, ज्याला वर्गात गोणपाटावर वेगळे बसवले गेले, तो मुलगा पुढे एका देशाच्या घटनेचा शिल्पकार झाला, ही गोष्ट रोमा वस्तीत कोणाला समजावून सांगावी लागत नाही. ते महाराष्ट्रात येऊन गेले. आपल्या वस्त्या, विहारे, वसतिगृहे त्यांनी डोळ्यांनी पाहिली. त्रैलोक्य बौद्ध महासंघाच्या कार्यकर्त्यांशी त्यांचे नाते जुळले. परत जाऊन २००७ साली त्यांनी जय भीम नावाचा बौद्ध समुदाय स्थापन केला आणि त्याच्या वतीने शाळा सुरू केली. आसपासच्या आणखी काही गावांतही त्यांनी वर्ग चालवले.

शाळेचे उद्दिष्ट एका शब्दात सांगता येते : 'एरेत्शेगी'. ही आपल्या बारावीसारखी हंगेरीची सरकारी शालान्त परीक्षा. भाषा आणि साहित्य, गणित, इतिहास, एक परकी भाषा आणि आवडीचा एक विषय. एक ते पाच अशी श्रेणी. एक मिळाला तर नापास, दोन मिळाले तर पास. हे प्रमाणपत्र नसेल तर विद्यापीठाचे दार बंद आणि कचेरीतली साधी नोकरीही मिळणे कठीण. रोमा समाजात ते मिळवणारे आजही शेकड्यात मोजकेच निघतात.

शाळेत वयाची अट नाही म्हटले तरी चालेल. मुले-मुली सोळाची येतात, पंचविशीचीही येतात. ज्यांचे शिक्षण सुटले, लग्ने झाली, त्यांनाही घेतात. सगळे विषय एका दमात सुटावेत असा आग्रह नाही. शाळेच्या जोडीला लहान मुलांसाठी 'तानोदा' असतो, म्हणजे चक्क आपली अभ्यासिका. शाळा सुटल्यावर मुलांनी यावे, गृहपाठ करावा, मोठ्यांनी लहानांना शिकवावे. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि नमस्कार म्हणून 'जय भीम'. इतिहासाच्या पुस्तकात त्यांच्या समाजाला जागा फारशी नसते, तेव्हा बाबासाहेबांचे जीवन तिथे इतिहास म्हणूनच शिकवले जाते. एखादा माणूस शाळेतल्या अपमानाचे काय करू शकतो, याचा तो धडा आहे.

इथे एक प्रश्न विचारला जातो आणि तो गैर नाही. वेगळे वर्ग वाईट म्हणून न्यायालयात भांडायचे आणि आपणच रोमांची वेगळी शाळा काढायची, हे कसे? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. आपल्याकडेही बाबासाहेबांनी वसतिगृहे काढली, १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, पुढच्याच वर्षी सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. तिथे सकाळचे वर्ग ठेवले, कारण दिवसा नोकरी करणाऱ्या मुलाला दुसरी वेळ नव्हती. त्या सोयीने किती कारकून, किती शिक्षक, किती वकील उभे राहिले हे या साप्ताहिकाच्या वाचकांच्या घराघरांत ठाऊक आहे. मी स्वतः नोकरी सांभाळून बी.कॉम. झाले आहे, त्यामुळे सकाळी साडेसहाच्या तासाची किंमत मला कोणी सांगायला नको. ग्योंग्योशपाताच्या वेगळ्या वर्गात मुलांना कमी शिकवायचे असे ठरलेले होते. शायोकाझाच्या वर्गातले मूल राजधानीतल्या श्रीमंत शाळेच्या मुलासमोर येणारी तीच प्रश्नपत्रिका सोडवते, त्याच दिवशी, त्याच घड्याळावर. एवढा फरक मला पुरेसा वाटतो. तरीही ज्या दिवशी गावच्या सरकारी शाळेतच या मुलांना बाकावर जागा मिळेल त्या दिवशी ही शाळा बंद पडली तर तिच्या संस्थापकांनाही वाईट वाटणार नाही, असे मी समजते.

शाळेची वाट सरळ नव्हती. शाळा सुरू झाल्यावर दीड-दोन वर्षांत, २००८-०९ मध्ये, रोमा वस्त्यांवर रात्री पेटते बोळे फेकून गोळीबार करणारी एक टोळी देशात फिरत होती. सहा जीव गेले. तातारसेंतग्योर्ग्य गावात २३ फेब्रुवारी २००९ रोजी जळत्या घरातून पळणाऱ्या बापाला आणि त्याच्या चिमुकल्या मुलाला गोळ्या घातल्या. गुन्हेगारांना २०१३ साली शिक्षा झाल्या. पण ती दोन वर्षे मुलांना संध्याकाळी घराबाहेर अभ्यासाला पाठवणाऱ्या आयांचे काय झाले असेल, याची कल्पना करा.

त्यानंतर कागदाचा मार. २०११ च्या अखेरीस हंगेरीत धार्मिक संस्थांचा नवा कायदा झाला आणि १ जानेवारी २०१२ पासून लागू झाला. तोवर तीनशेहून अधिक नोंदलेल्या संस्था होत्या. नव्या यादीत मोजक्याच राहिल्या, आणि कोण राहील ते संसदेच्या मतदानाने ठरले. काही बौद्ध संस्थांना त्या यादीत जागा मिळाली. जय भीम समुदायाला मिळाली नाही. तिथे धार्मिक संस्थांच्या शाळांना सरकारकडून जादा अनुदान मिळते, तो आधार गेला. अनुदान या शब्दाचे वजन कार्यालयात बसणाऱ्याला विचारा. एक नोंद रद्द झाली की शिक्षकांचे पगार, सरपण, वीज, मुलांचे दुपारचे जेवण, सगळे एकाच फाईलखाली अडकते. तो कायदा धर्मस्वातंत्र्याचा आणि संघटनास्वातंत्र्याचा भंग करतो असे युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने ८ एप्रिल २०१४ रोजी सांगितले. पण न्यायालयाचा निकाल लागणे आणि पगार वेळेवर होणे यांत किती अंतर असते हे आपण जाणतोच. देणग्या गोळा करून, वर्ग कमीजास्त करून शाळेने काम पुढे नेले.

आपल्याकडे जयंतीला वस्तीतून वर्गणी निघते, डीजे लागतो, कमानी उभ्या राहतात. मी जयंतीच्या विरुद्ध नाही; वर्षाचा एक दिवस आनंदाचा हवाच. पण आमच्या अभ्यासिकेचे विजेचे बिल भरायला मी त्याच दारांवर गेले की 'ताई, पुढच्या महिन्यात या' असे ऐकू येते. शायोकाझातल्या माणसांना बाबासाहेब मिळाले ते पुस्तकातून, आणि त्यांनी पहिली खरेदी केली ती फळ्याची. ही गोष्ट मी आमच्या मंडळाच्या बैठकीत सांगितली. दोघांनी मान डोलावली, एकाने घड्याळ पाहिले. बिल मात्र त्या महिन्यात भरले गेले.

आता तिथल्या एका रिवाजाविषयी सांगते. हंगेरीत बारावीची मुले परीक्षेआधी शाळेचा निरोप घेतात, त्याला 'बोल्लगाश' म्हणतात. चांगले कपडे घालून, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, गाणी म्हणत ती वर्गावर्गांतून रांगेने फिरतात. प्रत्येकाच्या खांद्याला एक लहान झोळी असते, आपल्या कार्यकर्त्यांच्या शबनमसारखी. तिच्यात वाटेची शिदोरी म्हणून एक खारी पाव-बिस्किटासारखी 'पोगाचा', चिमूटभर मीठ, शाळेच्या आवारातली मूठभर माती आणि एखादे नाणे घालायची रीत आहे. घरचे सगळे फुले घेऊन बघायला येतात. ज्या घरात आजवर कोणी आठवीपुढे गेलेले नाही, त्या घरात अशी झोळी कोणी शिवलेलीच नसते. मेच्या पहिल्या आठवड्यात लेखी परीक्षा सुरू होते. पहिला पेपर भाषेचा, त्यानंतर गणित, मग इतिहास.